पेटीचा डबा

मंगळवार, २४ ऑक्टोबर १९९५. त्या दिवशी सकाळी झालेले सूर्यग्रहण राजस्थानपासून बंगालपर्यंतच्या एका चिंचोळ्या पट्ट्यात खग्रास दिसले. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत ते खंडग्रास होते. एवढी गोष्ट कोणत्याही पंचांगावरून आणि वर्तमानपत्रावरून पडताळून पाहता येते. त्यापुढची हकीकत मात्र माणसांच्या सांगण्यावर उभी आहे, आणि ज्यांनी ती सांगितली त्यांचे आपापसांत सगळ्या मुद्द्यांवर एकमत नाही.

ग्रहण लागले तेव्हा इंदापुरात एसटी स्टँडच्या मागच्या वस्तीत बाजीराव आपल्या अंगणात वाकळ पसरून बसले होते. समोर हार्मोनियम. त्या भागात तिला पेटीच म्हणतात. पलीकडच्या आळीत दारे लावलेली, पिण्याच्या पाण्यात तुळशीपत्रे टाकलेली, चुली विझवलेल्या. बाजीरावांच्या घरात चहाला आधण आलेले होते. वडिलांनी छप्पन्न साली धम्म स्वीकारला तेव्हा ग्रहण पाळणे या घरातून गेले. पण नुसते न पाळणे बाजीरावांना पुरेसे वाटत नसे. १९८० च्या फेब्रुवारीत भरदुपारी ग्रहण लागले आणि सारा गाव दारांआड बसला, तेव्हा त्यांनी पेटी अंगणात आणून सर्वांच्या देखत उघडली, साफ केली, पुन्हा जोडली आणि ग्रहण सुटायच्या आत वाजवून दाखवली. तेव्हापासून तो त्यांचा रिवाज झाला. एरवी दुरुस्ती करायची तर ते दाराआड, घरच्यांपुरतीच करत. चारचौघांत पेटी उघडायची ती फक्त सूर्यग्रहणाला.

त्या पहिल्या वेळी मेघना आईच्या, म्हणजे शालनबाईंच्या, मांडीवर होती. पुढे ती कळती झाली, भाता ओढून सूर भरू लागली, तेव्हा बाजीराव एकदा तिला म्हणाले होते, “पुढल्या गिरानाला पेटी तू उघडायची.” इंदापुरातून धड दिसेल असे सूर्यग्रहण त्यानंतर पंचाण्णवपर्यंत झालेच नाही, असे बाजीरावांचे म्हणणे. मेघनाने तोवर ते वाक्य जपून ठेवले होते.

बाजीराव एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते आणि संध्याकाळी वस्तीच्या गायन पार्टीत पेटी वाजवत. डेपोतला एक दंडक त्यांनी घरातही आणला होता. हाताखालच्या माणसाने हत्यार मागायचे नाही; उस्तादाने दिले तर घ्यायचे. उस्ताद स्क्रू ड्रायव्हर मुठीकडून पुढे करतो, तेव्हा ते काम त्या माणसाचे झाले. नंतर उस्ताद त्यात बोट घालत नाही. म्हणून मेघनाने कधी मागितले नव्हते. ग्रहणाच्या त्या सकाळी ती न्हाऊन, केस घट्ट बांधून, मऊ कुंचला हातात घेऊन वाकळेच्या कडेला उभी होती.

आणि वाकळेच्या दुसऱ्या कडेला दिपाली बसली होती.

दिपाली काटेवाडीची. तिचे घराणे एके काळी मेंढरांमागे हिंडणारे. आता कालव्याच्या पाण्यावर ऊस आणि दारात जर्सी गाई. आजोबा गेणूआबांनी मात्र हट्टाने थोडी मेंढरे राखली होती. बारामतीच्या महाविद्यालयात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत दोघींचे टेबल एकच आले, आणि दुसऱ्या वर्षी त्यांनी गावात एक खोली भाड्याने घेतली. वाद्यांच्या निगेचे साहित्य घरी तयार करून विकायचे हा उद्योग त्या खोलीत सुरू झाला. कल्पना मेघनाची होती, याविषयी कोणाचेच दुमत नाही; दिपालीचेही नाही. मेघनाने वडिलांना पेटी साफ करताना लहानपणापासून पाहिले होते. गावोगावच्या भजनी मंडळांच्या पेट्यांची दशा तिला ठाऊक होती: भात्यात कसर, सुरांवर धूळ, पट्ट्या फुगून अडकलेल्या. तिने मिठाईचे रिकामे खोके आणले, त्यांवर खाकी कागद चिकटवला आणि आत सामान भरले. रंगाऱ्याचा मऊ कुंचला, जुन्या लुगड्याचे धुतलेले फडके, कसरीसाठी वेखंडाची पुरचुंडी, खुंट्या सुळसुळीत सरकाव्यात म्हणून मेणाचा तुकडा, दमट हवेसाठी भाजलेल्या तांदळाची पिशवी. वर एक माहितीपत्रक. कोणती वस्तू कुठे, कशी आणि किती वापरायची हे तिने इतक्या काटेकोरपणे लिहिले होते की त्यातला एक स्वल्पविराम हलवला असता तरी तिला कळले असते. खोक्यावर तिने नाव घातले: वाद्यसंगोपन संच.

ते नाव कोणाच्या जिभेवर बसले नाही. पहिला संच घेऊन दोघी पणदऱ्याच्या देवळात गेल्या. मंडळी टेकून बसलेली. मेघनाने पत्रक काढून पहिल्यापासून वाचायला घेतले, आणि वाचता वाचता तिच्या लक्षात आले की एक म्हातारा झोपला आहे व दुसरा बाहेर कोणाच्या बैलाची चौकशी करतो आहे. दिपालीने तोवर मंडळाची पेटी पुढे ओढली, भाता उचलून आत नाक घातले आणि म्हणाली, “आबा, ह्या पेटीत उंदराचं बाळंतपण झालंय. बारशाला आमाला बोलवायचं व्हतं.” देवळात हशा उसळला. झोपलेला जागा झाला. मग हे खोके कसले म्हणून कोणी विचारले, तर दिपाली म्हणाली, “तुमी रानात जाताना डबा नेता का न्हाय? तसा ह्यो पेटीचा डबा.”

तेव्हापासून तो पेटीचा डबाच झाला. सांगवीत, पणदऱ्यात, काटेवाडीत लोक त्याच नावाने मागू लागले. पुढे पुढे तर “दिपालीचा डबा” असेही कानावर येऊ लागले. असे म्हणणाऱ्याला मेघना थांबवत नसे. त्या दिवशी संध्याकाळी खोलीत खोके चिकटवताना मात्र ती दिपालीने चिकटवलेल्या कडा उकलून पुन्हा लावत असे. कडा चुकलेल्या नसत. दिपाली हे पाहत होती की नाही, कळायला मार्ग नाही. तिने कधी काही म्हटले नाही, आणि तेच मेघनाला जास्त लागे. भांडण झाले असते तर निदान भांडण तरी आपल्या नावावर पडले असते.

दिपालीला नुसते बोलता येत असते, तर मेघनाने मनाची समजूत घातली असती. तोंड ज्याचे त्याचे. पण गणपतींच्या सुमारास दिपालीने एक खरी गोष्ट शोधून काढली. ती म्हणाली की आपला डबा सगळ्या गावांना सारखा चालणार नाही. काटेवाडी, पणदरे, सांगवी ही कालव्याची गावे. तिथल्या पेट्या दमटपणाने फुगतात. इंदापूरच्या कोरडवाहू बाजूला तीच पेटी सुकते, भात्याच्या घड्यांचे चामडे तडकते आणि वारा निसटतो. “ऊस आणि बाजरी एका वाफ्यात लावतो का आपण? बागायती डबा वायला, जिरायती डबा वायला.” बागायती डब्यात तांदळाची पिशवी राहिली. जिरायती डब्यात तिने एक लहान पत्र्याची डबी घातली. गेणूआबांच्या मेंढरांची लोकर गरम पाण्यात उकळायची, वर येणारा स्निग्ध थर काढून गाळायचा, त्यात थोडा कापूर. तिच्या घरच्या बाया टाचांच्या भेगांना हेच लावत. घरात त्याला मेंढीचे तूप म्हणत. दोघी रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनी. पुस्तकात या पदार्थाला वेगळे नाव होते आणि ते मेघनाला पाठ होते. परीक्षेत तिने त्यावर चांगले गुण मिळवले होते. पण लोकर आणि पेटी यांची गाठ घालायचे तिला सुचले नव्हते. तिच्या स्वतःच्या घरातली पेटी जिरायती होती आणि तिच्या भात्याला तडे जात होते. तरीही सुचले नव्हते.

तर ग्रहणाच्या सकाळी ही दिपाली इंदापुरात आली होती. तिच्या घरी आजी म्हाळसाबाई ग्रहणात कोणाला उंबरा ओलांडू देत नसे. दिपालीने दिवाळीच्या सुट्टीतही कॉलेजात ग्रहणाचे प्रॅक्टिकल असल्याचे सांगितले आणि पहिली एसटी पकडली. गाडीत ती, ड्रायव्हर आणि कंडक्टर एवढेच होते. शालनबाईंनी चहा पुढे केला तेव्हा ती म्हणाली, “सुटल्यावर घेते, मामी. आजीला खोटं बोलून आले, आता तोंडात पाणी घातलं तर दोन पापं व्हतील.” बाजीराव हसले. एरवी ग्रहण पाळणाऱ्याची ते चांगली हजेरी घेत. मेघना वाट पाहत होती. त्यांनी दिपालीला एक शब्दही ऐकवला नाही.

ऊन पिवळट, पातळ झाले. वस्तीतली पोरे काजळी धरलेल्या काचेतून वर बघत होती. बाजीरावांनी पेटीचे वरचे झाकण बाजूला केले, भाता मोकळा केला आणि थांबले. दिपालीने पुढे वाकून घडीच्या कोपऱ्यावर अंगठा दाबला आणि तो तसाच ठेवला.

“मामा, हे चामडं तान्हेलंय.”

“कशावरनं?”

“अंगठा उचलला तरी खड्डा भरून येत न्हाय. आमच्यात कातडं अंगठ्यानंच बघत्यात.”

बाजीरावांनी स्वतःचा अंगठा लावून पाहिला. मग त्यांनी मांडीजवळचा स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि मुठीकडून पुढे केला. दिपालीच्या हातात.

मेघनाच्या हातातला कुंचला हातातच राहिला. त्या क्षणाचे तिने नंतर केलेले वर्णन फार थोडक्यात आहे: “मला वाटलं, माझ्यावर सावली पडली.” वस्तीतली पोरे मात्र वर बघत होती, खाली काय झाले ते त्यांनी पाहिले नाही. दिपालीला त्या दंडकाचा अर्थ ठाऊक नव्हता. तिने लाकडी चमचा घ्यावा तसा स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि मान खाली घालून कामाला लागली. डाव्या बाजूच्या सगळ्या घड्यांना तिने बोटाने तूप चोळले. उजवी बाजू राहिली, कारण ग्रहण सुटत आले होते आणि रिवाजाप्रमाणे त्याआधी पेटी वाजायला हवी होती. बाजीरावांनी भाता ओढला. वारा कुठेच निसटला नाही, म्हणून उजवी बाजू नंतरही तशीच राहून गेली. “लेकीनं काम केलं,” ते शालनबाईंना म्हणाले. शालनबाईंनी फराळाचे ताट आणले आणि त्यातल्या सर्वांत लालसर चकल्या वेचून दिपालीच्या पुढे सरकवल्या. लेकीनं म्हणजे कोणत्या, हे त्या अंगणात फक्त मेघना स्वतःला विचारत होती.

वडिलांना जुने बोलणे आठवत होते का, हे तिने विचारले नाही. विचारणे म्हणजे मागणे झाले असते.

दिवाळीची सुट्टी संपून दोघी बारामतीला परतल्या. जिरायती डब्याला मागणी आली होती. माहितीपत्रक नव्याने काढायला हवे होते, कारण जुन्यात तुपाचा उल्लेख नव्हता. टायपिंगच्या क्लासात सायक्लोस्टाइलचे यंत्र होते. स्टेन्सिलवर लोखंडी लेखणीने अक्षरे कोरायचे काम मेघनाचे. तिचे अक्षर वळणदार होते आणि दिपालीचे कोणाला लागत नसे. मजकूर दोघींनी ठरवला होता. तुपाविषयीचे वाक्य असे होते: “सूर लावण्याआधी चामड्याला हलक्या हाताने लावावे.” म्हणजे वाजवायला बसण्यापूर्वी भात्याच्या घड्यांना थोडेसे चोळावे. छापून आलेल्या कागदांवर ते असे उमटले: “सूर लावण्याआधी हलक्या हाताने लावावे.”

एक शब्द नव्हता. जिने स्वल्पविरामासाठी रात्री अभ्यास बाजूला ठेवला होता, तिच्या हातून कोरलेल्या कागदात एक शब्द नव्हता. कागद वाळत घातले, घड्या घातल्या, खोक्यांत ठेवले. दिपालीने नवे पत्रक वाचले नाही. मेघनाने लिहिलेले पुन्हा वाचायचे म्हणजे तिच्यावर अविश्वास दाखवणे, असे तिला वाटत असे.

आता ज्याला पेटी ठाऊक नाही त्याला या वाक्यात काही खटकणार नाही. पण पेटीत ज्या पितळी जिभा वाऱ्याने थरथरतात आणि नाद देतात, त्यांनाही गावातले पेटीवाले सूरच म्हणतात. सांगवीच्या भजनी मंडळात पेटी हिंदुरावतात्यांकडे असे. सांगवी कालव्याची, तिथे जिरायती डब्याचे काम नव्हते. पण पाहुण्याच्या गावी त्यांनी तुपाची ख्याती ऐकली आणि हट्टाने तोच डबा मागून घेतला. मार्गशीर्षातला सप्ताह तोंडावर आला होता. तात्यांनी चष्मा लावून पत्रक वाचले. सूर लावायच्या आधी लावा म्हटले आहे, तेव्हा लावायचे ते सुरालाच, असा त्यांनी निर्वाळा दिला. दुपारभर बसून त्यांनी एकेका पितळी जिभेला हलक्या हाताने, अगदी पत्रकात म्हटल्याप्रमाणे, मेंढीचे तूप लावले. संध्याकाळी मंडळी जमली, तात्यांनी भाता ओढला, पट्टी दाबली, आणि पेटीतून म्हातारी गाय पाणी पिताना करते तसा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी तात्या दोघा माणसांना घेऊन, पेटी जीपमध्ये घालून बारामतीत खोलीच्या दारात उभे राहिले. आरडाओरडा त्यांनी केला नाही, ते फक्त म्हणाले, “पोरींनो, आमची पेटी मुकी झाली. उद्या सप्ताहाची वीणा उभी राहायची हाय.” मेघना दाराशी होती. आपण काय म्हणणार होतो, हे तिला आजही सांगता येत नाही, कारण तिने तोंड उघडायच्या आत दिपाली मागून पुढे आली होती. तात्यांचे सगळे ऐकून घेतल्यावर, पत्रकाकडे नजरही न टाकता ती म्हणाली, “चूक आमची झाली, तात्या. डबा आमचा, तूप माझ्या घरचं. चला, इंदापूरला मेघनाच्या वडलांकडं जाऊ, ते काढतील.” तात्या तिच्यावर रागवायला आले होते, ते तिच्याशी बोलत बोलत जीपकडे गेले. दोष पदरात घेण्यातही ती पुढे होती. जीपमध्ये मागच्या बाकावर मुकी पेटी मांडीवर घेऊन बसलेल्या मेघनाला त्या वेळी शरम वाटली की मत्सर, याचा निवाडा करणे कठीण आहे. तिने स्वतः दोन्ही शब्द वापरले आहेत, आणि मत्सर हा आधी.

बाजीराव डेपोतून नुकतेच आले होते. त्यांनी पेटी उघडून वास घेतला.

“सुरांनी तूप खाल्लंय. कुणी सांगितलं असं लावायला?”

तात्यांनी खिशातले पत्रक काढून दिले. बाजीरावांनी ते वाचले, उजेडाकडे धरून पुन्हा वाचले. दिपाली पाणी आणायला आत गेली होती. बाजीरावांनी मेघनाकडे पाहिले.

“हितं एक शब्द गळलाय.”

“व्हय.”

“गळलाय ना?”

मेघनाने पेटीचे झाकण उचलून भिंतीला टेकवले. मग म्हणाली, “गळला आसंल, आण्णा.”

त्यांनी आणखी काही विचारले नाही. स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि मुठीकडून तिच्यापुढे केला. “घे. एकेक सूर काढ, रॉकेलनं पूस, सुकव, आन व्हता तिथंच बसव. एक जरी इकडचा तिकडं झाला, तर तात्यांचा अभंग रडंल.”

इतकी वर्षे वाट पाहिलेली मूठ अशी तिच्या तळहातात आली: परक्या गावची पेटी, ग्रहण नाही, बघायला वस्तीतले कोणी नाही, आणि काम स्वतःच्याच हाताने बिघडवलेले. ती संध्याकाळपर्यंत बसली. दिलेल्या कामात उस्तादाने बोट घालायचे नाही, या दंडकाला धरून बाजीराव बाजेवर पडून राहिले. तात्या तंबाखू मळत बसले. दिपाली समोर बसून पुसलेले सूर एका धोतराच्या तुकड्यावर ओळीने मांडत होती. मध्येच ती म्हणाली, “बघ की, कसे दात काढून ठेवल्यासारखे दिसत्यात. तात्यांची कवळीच जणू.” तात्याही हसले. मेघना हसली नाही. पेटी जुळली, वाजली आणि सांगवीला गेली. दुसऱ्या दिवशी वीणा उभी राहिली.

त्यानंतर डब्याचा धंदा कोणी बंद केला नाही. तो आपोआप विरळ होत गेला. दिपाली ओळखीच्या मंडळांना तूप नेऊन देई आणि स्वतः लावून दाखवी. पत्रक घालणे तिने सोडून दिले. मेघनाने अभ्यासाचे कारण सांगितले. सत्त्याण्णव साली दोघी पदवीधर झाल्या. दिपालीला काटेवाडीहून जाण्याजोगी, एका दूध संकलन केंद्रात फॅट तपासायची नोकरी लागली. मेघना इंदापुरात एका शाळेत प्रयोगशाळा सहायक झाली. पत्रव्यवहार कधी झालाच नाही, त्यामुळे तो थांबला असे म्हणता येत नाही.

११ ऑगस्ट १९९९ रोजी संध्याकाळी पुन्हा सूर्यग्रहण आले. आभाळ भरून राहिले होते आणि सूर्याचा पत्ता नव्हता. ग्रहण लागले हे टीव्हीवरून कळत होते. बाजीरावांनी तरीही वाकळ पसरली. त्यांच्या बोटांना आता कंप सुटत असे. पेटी वाजवताना कळत नसे, पण स्क्रूच्या खाचेत पाते बसत नसे. मेघना कुंचला घेऊन आली. या खेपेला वाकळेच्या दुसऱ्या कडेला कोणी नव्हते. मेघनाने दिपालीला निरोप धाडला नव्हता, आणि ही गोष्ट ती लपवत नाही.

बाजीराव फाटकाकडे बघत राहिले. “काटेवाडीची पोर न्हाय आली?”

“न्हाय.”

“कळवलं व्हतंस?”

तिने नुसतीच मान हलवली. ती होकारार्थी होती की नकारार्थी, हे ज्याने त्याने समजायचे. बाजीरावांनी स्क्रू ड्रायव्हर तिच्या हातात दिला. अखेर तिच्या हातात, ग्रहणात, त्याच अंगणात. तिने भाता मोकळा केला आणि डेपोतल्या माणसाच्या लेकीला शोभेल अशा सफाईने घड्या उलगडल्या. डाव्या बाजूचे चामडे मऊ होते. चार वर्षांपूर्वी जिथे दिपालीचे बोट फिरले होते, तिथे अजून अंगठा दाबला तर खड्डा भरून येत होता. जिथे ते थांबले होते तिथून पुढे उजव्या बाजूला तडे होते, कोपऱ्यात एक तर आरपार. रेघ ओढावी तशी सीमा दिसत होती. मेघनाने त्यावर फडके ठेवले, पण बाजीरावांनी ते आधीच पाहिले होते.

“हितनं पुढं तूप लागंल,” ते म्हणाले. “आन आता ही पेटी तुझी. तूच जाऊन आण तिच्याकडनं.”

त्या वर्षी रिवाज पहिल्यांदा मोडला. ग्रहण सुटले, आणि पेटी वाजली नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून रजा काढून मेघना काटेवाडीला गेली. गेणूआबा वारले होते, दावणीला मेंढरू नव्हते. दिपाली वाटेने जाणाऱ्या कळपांकडून लोकर मागून घेई. तिने गोठ्यातून येऊन हात धुतले, काही न विचारता फडताळातून डबी काढली आणि झाकण उघडून मेघनाच्या नाकाशी धरली. “वास तसाच हाय बघ. कापूर जरा जास्त पडलाय.” मग चहा झाला. मामांच्या बोटांची, मामींच्या गुडघ्यांची विचारपूस झाली. मेघना निघाली तेव्हा दिपाली फाटकापर्यंत आली आणि डबी तिच्या पिशवीत नीट बसवता बसवता म्हणाली:

“चामड्याला लाव हां. का तेवढं लिहून देऊ?”

म्हणताना ती हसत होती. एसटी आली, मेघना चढली. इंदापूरपर्यंत मांडीवरच्या पिशवीतून मेंढरांचा आणि कापराचा वास येत राहिला. शेजारच्या बाईने पदर नाकाला लावला तरी तिने पिशवी खाली ठेवली नाही. त्याच संध्याकाळी तिने आरपार तड्यावर चामड्याचे ठिगळ चिकटवले आणि उजव्या बाजूच्या घड्यांना तूप चोळले. पेटी वाजू लागली आणि पुढेही वाजत राहिली.

या हकीकतीत जे कळत नाही ते असे. ग्रहणाच्या सकाळी बाजीरावांना आपला शब्द आठवत होता की नाही, हे त्यांनी कधी सांगितले नाही. दिपालीने ते पत्रक पुढे वाचले होते, की फाटकातले तिचे बोलणे नुसती थट्टा होती, याला तिच्याकडून उत्तर मिळत नाही, ती हसते. स्टेन्सिल उरलेले नाही. छापील पत्रकांपैकी एकही प्रत अद्याप हाती आलेली नाही, आणि सांगवीची प्रत तात्यांनी चुलीत घातली असे त्यांच्या घरचे सांगतात. मेघनाने त्या शब्दाविषयी एकदा ‘गळला’ म्हटले आहे आणि एकदा ‘गाळला’. दोन्ही वेळा ती ठामपणे बोलली. यांतले खरे कोणते, हे अज्ञात आहे.